गिझर आजच बंद करा, फ्रिजचं पाडव्याला बघू

पत्र (थोडं कमी करून):

ताई, आम्ही सांगलीत राहतो. घरात मी, मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई. फ्रिज 2003 चा आहे, डबल डोअर, सासूबाईंनी शिवणकामाच्या पैशातून हप्त्यावर घेतलेला. गिझर 2009 चा, 15 लिटरचा. वॉशिंग मशीन सेमी ऑटोमॅटिक, 2011 चं. चार पंखे मी लग्न होऊन यायच्या आधीपासूनचे आहेत आणि मिक्सर तर त्याहून जुना. सगळं चालू आहे. मिस्टर म्हणतात पाडव्याला एक्स्चेंज ऑफर आहे, एकदाच सगळं बदलून टाकू, उन्हाळ्यात लाईटबिल चार हजारांपर्यंत जातं ते तरी कमी होईल. सासूबाई म्हणतात, चालतंय ना, मग कशाला? दोघं एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत आणि दोघं मला विचारतात, तू सांग. मला स्वतःला चालू वस्तू टाकायची म्हणलं की पोटात कालवतं. फ्रिज तसा सारखा गुणगुणत असतो, दुधाला कधीकधी सकाळी वास येतो एवढंच. गिझरच्या नळाला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात, पण ते पहिल्यापासून आहे. परवा चार दिवस लग्नाला गेलो तेव्हा फ्रिज सोडून सगळं बंद केलं होतं, राउटरपण, आणि जाताना-येताना मीटरचा फोटो काढला, 13 युनिट पडले. हे जास्त आहे का?

---

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले, आणि ती ओळ फ्रिजची नाही. झिणझिण्या येतात पण पहिल्यापासून आहे असं तुम्ही जाता जाता लिहून पुढे गेलात. बाकी सगळं नंतर बोलू, आधी उठा आणि गिझरचा एमसीबी पाडा, नुसतं बाथरूमबाहेरचं बटण नको, बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे गिझरची लाईन तोडणारा खटका. पोरांना सांगा, सासूबाईंना सांगा, दोनचार दिवस गॅसवर पाणी तापवा.

माझ्या वडिलांचं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, गिझर, इस्त्र्या, पंखे सगळं यायचं. एक बाई गिझर घेऊन आल्या होत्या, तक्रार काय तर पाणी उशिरा तापतं. वडिलांनी खोलला, आतली कॉइल बाहेर काढली, तिच्यावर चुन्याचा बोटभर थर, आणि थर फोडला तर खाली कॉइलचं तांब्याचं कवच चिरलेलं, म्हणजे करंट थेट पाण्यात. वडिलांनी विचारलं, शॉक लागत नव्हता का हो? तर त्या म्हणाल्या, मुंग्या यायच्या, सवय झाली. मी तेव्हा नववीत होते, वडील ती कॉइल हातात धरून किती वेळ गप्प बसले होते ते मला अजून दिसतं.

आता हे नीट समजून घ्या कारण इथेच लोक चुकतात. तुम्ही उद्या नवा कोरा पाच स्टारवाला गिझर आणलात तरी झिणझिण्या जातीलच असं नाही. गिझरमधून गळणारा करंट अर्थिंगच्या वायरीतून जमिनीत जायला पाहिजे, तो नळाला येतोय म्हणजे तुमच्या घराचं अर्थिंग तुटलेलं तरी आहे नाहीतर नावापुरतं आहे. आणि अर्थिंगची वायर सगळ्या घराला एकच असते. ती जमिनीपर्यंत पोचतच नसेल तर फ्रिजमधून गळालेला करंटसुद्धा त्याच वायरीने फिरून गिझरच्या टाकीवर आणि तिथून नळावर येऊ शकतो. म्हणजे दोषी कदाचित गिझर नसेलच, स्वयंपाकघरातला फ्रिज असेल किंवा मशीन असेल, आणि तसं असेल तर गिझरचा एमसीबी पाडूनही झिणझिण्या येतील. म्हणून वायरमनला बोलवाल तेव्हा "गिझर बघा" एवढंच सांगू नका, अर्थिंग तपासा म्हणा, आणि एकेक वस्तू प्लग काढून तपासायला लावा. आणि बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या, नसेल तर. करंट कुठेही गळाला की तो क्षणात लाईन तोडतो. सगळं मिळून काही हजारांचं काम आहे. पाडव्याच्या खरेदीतली पहिली खरेदी ही, आणि ती पाडव्याची वाट न बघता.

एवढं झालं की मग फ्रिज.

13 युनिट चार दिवसांत म्हणजे दिवसाला सव्वातीन. हो, जास्त आहे, खूप जास्त आहे. सव्वातीन युनिटला 24 तासांनी भागलं तर साधारण 135 वॅट येतात, आणि एवढे वॅट तर तसल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असतानाच घेतो. याचा अर्थ तुमचा कॉम्प्रेसर दिवसरात्र चालूच आहे, बंदच होत नाही. तसला फ्रिज चांगला असेल तर कॉम्प्रेसर चालतो, थंड झालं की थांबतो, परत चालतो. तुम्ही लिहिलंय ना सारखा गुणगुणतो, तेच हे. आणि एवढं राबूनही दुधाला वास येतोय. म्हणून सासूबाई म्हणतात ते "चालतंय" मला फ्रिजच्या बाबतीत पटत नाही. दिवा लागतो, आवाज येतो, पण फ्रिजचं काम दूध टिकवणं आहे आणि ते त्याच्याकडून होत नाहीये.

तरीपण लगेच निकाल लावू नका. आधी दोन गोष्टी घरच्या घरी करा. दाराच्या रबरात एक नोट धरा, दार लावा आणि नोट ओढा, सहज सुटली तर तिथून गारवा गळतोय. दार चारी बाजूंनी असं बघा, खालचा कोपरा विशेष, तिथे रबर कडक होऊन चिरतं. दुसरं म्हणजे फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि प्लग काढून मागची धूळ ब्रशने साफ करा, मागे काळी जाळी दिसत असेल तर ती नीट, वीस वर्षांची जळमटं असतील तिथे. मग परत 24 तास मोजा. गावाला जायची गरज नाही, प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर मिळतो हजाराच्या आसपास, किंवा शेजारी कोणाकडे असेल तर मागून आणा. सव्वातीनचे दीड झाले तर रबर बदला आणि अजून दोन वर्षं वापरा, मी आनंदाने सांगेन. पण अडीच-तीनच राहिले तर मग तो फ्रिज ठेवण्यात अर्थ नाही, आणि कॉम्प्रेसर बदलण्यात तर अजिबात नाही, या वयात एक दुरुस्त केलं की दुसरं जातं.

हिशोब सांगते. नवा 240-250 लिटरचा डबल डोअर घेतलात तर लेबलवर वर्षाला दोनशे-अडीचशेच्या आसपास युनिट लिहिलेले दिसतील. ते लॅबमधले, आपल्या घरात पोरं दहा वेळा दार उघडतात, म्हणून दिवसाला एक युनिट धरू. म्हणजे रोजचे सव्वादोन वाचले, महिन्याला 67, वर्षाला 800 च्या वर. आता महावितरणच्या बिलात टप्पे असतात ते बघा, 100 पर्यंत एक दर, 101 ते 300 दुसरा, 301 ते 500 तिसरा, आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो. तुम्ही जे युनिट वाचवता ते सगळ्यात वरच्या, सगळ्यात महाग टप्प्यातले वाचतात, हे फार कोणी लक्षात घेत नाही. म्हणून एकूण बिल भागिले एकूण युनिट असा सरासरी दर काढू नका. तुमचा शेवटचा युनिट कितीला पडतो ते बिलाच्या मागच्या तक्त्यावरून काढा, वहन आकार आणि वीज शुल्क धरून. मी इथे 12 रुपये धरते, म्हणजे वर्षाला साडेनऊ-दहा हजार. फ्रिज 27-28 हजारांचा घेतला तर तीन वर्षांच्या आत पैसे फिटतात.

दुकानात गेल्यावर तारे मोजू नका, युनिट वाचा. ही स्टार लेबलची पद्धत 2006 मध्ये सुरू झाली, तुमच्या फ्रिजवर तर लेबलच नसणार, आणि मधूनमधून निकष कडक करतात त्यामुळे मागच्या काही वर्षांतला पाच स्टार आज चारातही बसत नाही असं होतं. शिवाय मोठ्या फ्रिजचे पाच स्टार आणि छोट्याचे पाच स्टार यांची तुलना होत नाही, मोठा फ्रिज पाच स्टार घेऊनही छोट्या तीन स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. मिस्टरांना ऑफरमध्ये मोठा बसतोय म्हणून मोठा घ्यायचा मोह होईल, पाच माणसांना अडीचशे लिटर पुरतो, तुमचं आत्ताचं सामान मावतंय ना तेवढ्यातच, बस. आणि बिनव्याजी हप्ता म्हणतात तेव्हा रोखीची किंमत वेगळी विचारा, बऱ्याचदा रोखीला जी सूट असते ती हप्त्यात मिळत नाही, वर प्रोसेसिंग फी.

आता मिस्टरांच्या "सगळंच बदलू" बद्दल. इथे मी त्यांच्या बाजूने नाही.

गिझर वीज वाचवायला बदलायचा नसतोच. 15 लिटर पाणी 25 अंशावरून 60 वर न्यायला 0.6 युनिटच्या आसपास लागणारच, जुनी कॉइल असो नाहीतर नवी, विजेची उष्णता होते ती सगळी पाण्यातच जाते. फरक पडतो तो नुसता टाकीत गरम पाणी साठवून ठेवलं तर, आणि तुम्ही आंघोळीआधी लावून बंद करत असाल तर तोही नाही. मात्र वायरमनने खोलल्यावर कॉइल चिरलेली निघाली तर कॉइल बदला, टाकीच गंजलेली निघाली तर गिझर बदला, तिथे पैशांचा विचार करू नका. सेफ्टी व्हॉल्व्ह दाबून बघायला सांगा, तो क्षारांनी जाम झालेला असतो.

इस्त्रीचं तेच. मिक्सरचं तर विचारूच नका, दिवसाला दहा मिनिटं चालतो, महिन्याला दोन-अडीच युनिट. आवाज वाढला असेल, ठिणग्या दिसत असतील तर कार्बन ब्रश झिजलेत, कपलर तुटत असेल तर कपलर टाका, शेदीडशेत काम होतं आणि त्या जुन्या मोटरीत जे तांबं आहे ते जपण्यासारखं आहे. तो मिक्सर सासूबाईंचा आहे ना, त्यांच्याकडेच राहू दे.

पंखे चारही बदलायचे नाहीत. जुना पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या. जो पंखा 15 तास फिरतो तिथे महिन्याला 20 युनिट वाचतात, जो पाहुणे आल्यावर फिरतो तिथे काहीच वाचत नाही. तुमच्याकडे हॉलमधला आणि सासूबाईंच्या खोलीतला असे दोनच सारखे चालत असणार, तेवढे बदला, ते एप्रिलच्या आत. फक्त बसवताना जुना रेग्युलेटर मधून काढायला सांगा, बीएलडीसीला बहुतेक वेळा तो चालत नाही, आणि सासूबाईंना रिमोट नको असेल तर भिंतीवरच्या बटणावर स्पीड बदलणारे पण मिळतात, ते विचारून घ्या. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, जुना पंखा कुठलाही रिवाइंडिंगवाला दुरुस्त करतो, नव्यातलं सर्किट गेलं की कंपनीच्या माणसाशिवाय हलत नाही, म्हणून वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघूनच घ्या आणि बिल फाईलला लावा. उरलेले दोन हळू फिरत असतील तर कपॅसिटर बदला, शंभर रुपयांच्या आत पंखा परत पळायला लागतो. आणि कुठे चोकवाली जुनी ट्यूब असेल तर ती मात्र आजच काढा, 50 वॅटच्या जागी 20 मध्ये तेवढाच उजेड येतो.

फ्रिजचे 67 आणि दोन पंख्यांचे 40, म्हणजे उन्हाळ्यात महिन्याला शंभराच्या वर युनिट कमी. चार हजाराचं बिल येतं म्हणजे तुम्ही 300 च्या पुढच्या टप्प्यात जाताय, त्यातून बाहेर याल. हा आकडा मिस्टरांना दाखवा, त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे आणि अर्ध्या खर्चात होतंय.

वॉशिंग मशीनला मी वेगळं ठेवलंय मुद्दाम. विजेचा प्रश्नच नाही तिथे, सेमी ऑटोमॅटिक एका वेळेला पाव युनिटसुद्धा घेत नाही, उलट पाणी गरम करणारं फ्रंट लोड आणलंत तर वीज वाढेल. प्रश्न असा की ओले पिळे या टबातून त्या टबात कोण टाकतं? भिजलेली चादर, दोन जीन्स, वाकून उचलायच्या, परत दाबून बसवायच्या, वर झाकण. तुम्ही लिहिलं नाहीत पण बहुतेक सकाळी तुम्ही डब्यांच्या गडबडीत आणि सासूबाई मशीनपाशी असं असणार. त्यांचा खांदा, त्यांची कंबर कशी आहे? "मशीन बदलायचं का" असं विचारलंत तर त्या नाहीच म्हणतील. दोन दिवस तुम्ही स्वतः सगळे कपडे त्यांच्यासारखे काढून बघा आणि मिस्टरांनाही एक रविवार काढायला लावा, मग तिघांनी बसून ठरवा. मनगट आणि कंबर वाचवायला पैसे घालणं ही उधळपट्टी नाही, वस्तू चालू असली तरी. फक्त नळाला दाब आहे का, पाणी किती तास येतं ते बघा, सेमीला बादलीने पाणी ओतता येतं, ऑटोमॅटिक दाबाशिवाय तसंच उभं राहतं. आणि हे या वर्षीच व्हायला हवं असं काही नाही. पाडव्याला फ्रिज, पुढच्या दिवाळीला मशीन, दोन हप्ते डोक्यावर एकदम नकोत.

जुना फ्रिज कुठे जाणार हे आधी ठरवा, नवा दारात यायच्या आधी. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे तो गॅलरीत पाण्याच्या बाटल्यांना ठेवणं, मग एकाचे दोन फ्रिज आणि बिल होतं त्याहून जास्त. दुसरी गोष्ट लोक चांगल्या मनाने करतात, कामाच्या मावशींना देऊन टाकतात. कृपा करून हे करू नका. दिवसाला तीन युनिट खाणारा फ्रिज ज्यांना दहा हजार पगार आहे त्यांच्या घरात ठेवायचा म्हणजे महिन्याला सात-आठशे, कधी हजाराचा खर्च त्यांच्या गळ्यात घालायचा, आणि आपण दिलंय म्हणून त्या नाहीही म्हणणार नाहीत. त्यांना द्यायचंच असेल तर पुढे सेमी ऑटोमॅटिक मशीन द्या, अर्थिंग तपासून, ते वीज खात नाही आणि त्यांच्या हाताला खरंच आराम देईल.

फ्रिज एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर दुकानदाराला सरळ विचारा, तुम्ही याचं काय करता? जुना म्हणून पुढे विकणार असेल तर तोच तीन युनिटवाला फ्रिज दुसऱ्या घरात लागला एवढंच. 2022 चे ई-कचऱ्याचे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, फ्रिज बनवणाऱ्या कंपन्यांवर जुन्या मालाच्या रीसायकलिंगची जबाबदारी आहे, म्हणून नवा ज्या कंपनीचा घ्याल तिच्या कस्टमर केअरला फोन करून जुना उचलून नोंदणी असलेल्या रीसायकलरकडे पाठवता का विचारा. भंगारवाल्याकडे गेला तर तो पहिल्यांदा कॉम्प्रेसरची नळी कापतो. 2003 च्या फ्रिजमध्ये बहुतेक आर-134ए गॅस असतो, तो हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. चारपाचशे रुपये कमी मिळाले तरी चालतील, नीट जाऊ दे.

आणि सासूबाई. त्यांनी तो फ्रिज हप्त्यावर घेतला, शिवणकामातून, म्हणजे कितीतरी ब्लाउज आणि फॉल-पिको त्यात आहेत हे त्यांना माहितीये आणि दुसऱ्या कोणाला नाही. मिस्टर घाईत "डबडं", "भंगार" असं काही बोलले असतील तर तो शब्द त्यांना कुठे लागला असेल याचा विचार करा. त्यांना पटवायला जाऊ नका, त्यांना मोजायला बसवा. वॅटमीटर लावाल तेव्हा आकडा त्यांनाच वाचायला सांगा, वहीत त्यांनीच लिहू दे, ज्या बाईने हप्ते फेडले तिला हिशोब कळतो. दुकानात त्यांना घेऊन जा, भाजीचा कप्पा किती खाली आहे, वाकावं लागतं का, दार एका हाताने उघडतं का हे त्या बघतील तसं तुम्ही आम्ही बघणार नाही. जुना रिकामा करायचं काम घाईत उरकू नका, आदल्या दिवशी त्यांच्याबरोबर बसून पुसून काढा, किती वर्षांचं काय काय निघेल त्यातून, त्यांना बोलायचं असेल ते बोलू दे. नव्याला हळदीकुंकू त्यांच्याच हातून लावून घ्या.

रबराची नोट आणि 24 तासांचा आकडा मला कळवा, मग मॉडेलचं बोलू. आणि त्याआधी एका ओळीत एवढंच लिहा, गिझरचा एमसीबी पाडलात का.